बँक देईल तेवढं आणि झेपेल तेवढं: फोंड्यातल्या एका पहिल्या घराचं प्रकरण

जानेवारी २०२४ मध्ये संदेश आणि तृप्ती यांनी माझ्यासमोर जे कागद ठेवले, त्यात एका नव्या इमारतीचं रंगीत माहितीपत्रक होतं, ५२ लाखांचं कोटेशन होतं आणि कर्ज मिळवून देणाऱ्या एका एजंटाने वहीच्या पानावर मांडलेला हिशोब होता. नावं बदलली आहेत आणि आकडे गोल केले आहेत. संदेश तेव्हा ३४ वर्षांचा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत सुपरवायझर, हातात ४४,००० रुपये. तृप्ती ३१ वर्षांची, फोंड्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ, हातात २३,०००. तिचं कंत्राट दर वर्षी नव्याने होतं. मुलगी चार वर्षांची. भाड्याचं घर ११,००० रुपयांचं.

वहीच्या पानावरचा हिशोब असा होता: ५२ लाखांचा फ्लॅट, ८० टक्के म्हणजे ४१ लाख ६० हजार कर्ज, मुदत ३० वर्षं, तेव्हाच्या ८.९ टक्के दराने हप्ता ३३,१७४. दोघांच्या ६७,००० पगाराच्या निम्म्याला किंचित कमी. म्हणजे बँकेच्या चाळणीतून हे प्रकरण बरोबर पार पडावं असंच बेतलेलं. चालू असलेली छोटी कर्जं आधी कशीतरी बंद दाखवायची आणि स्वतःचा वाटा उभा करायला गृहकर्ज मंजूर झाल्यावर तृप्तीच्या नावाने नवं वैयक्तिक कर्ज काढायचं, उरलेल्यासाठी दागिने तारण ठेवायचे, असा एजंटाचा तोंडी सल्ला होता. हा सल्ला वहीत लिहिलेला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

मुदतीचं पाहा. तीस वर्षांनी संदेश ६४ चा होणार आणि त्याची कंपनी ५८ व्या वर्षी निवृत्त करते. शेवटची सहा वर्षं हप्ता कोण भरणार, या प्रश्नाला एजंटाचं उत्तर होतं, "तोपर्यंत फ्लॅटची किंमत तिप्पट होईल."

गावात घर असताना

हे कुटुंब मूळचं सत्तरीतलं. गावात मोठं घर आहे, अंगण आहे, मागे काजूची बाग आहे. तिथेच दोन खोल्या वाढवून राहा, असं संदेशच्या वडिलांचं म्हणणं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. अडचण कागदाची. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. आजोबांना पाच मुलं, त्यातली दोन वारली, त्यांच्या मुलांची लग्नं झाली. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते, म्हणजे वारसांबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. संदेशने बोटं मोजली आणि सतराव्या नावावर थांबला. अशा अविभक्त जमिनीवरचं घर बँका सहसा तारण घेत नाहीत. वाटणीसाठी इन्व्हेंटरीचा दावा लावायचा तर तो वर्षानुवर्षं चालतो. कर्ज काढून बांधायचा मार्ग तिथेच संपला. राहायला घर आहे पण बँकेला दाखवायला नाही, अशी गोव्यातली कितीतरी कुटुंबं आहेत.

महिन्याचे पैसे जातात कुठे

भाडं ११,०००, घरखर्च २१,०००, बहिणीच्या लग्नाला काढलेल्या वैयक्तिक कर्जाचा हप्ता ९,८००, स्कूटरचा ३,१००, क्रेडिट कार्डावर साधारण ४,०००, भिशी ५,०००, विमा ३,२००, मुलीची शाळा ३,०००. एकूण ६०,१००. उरायला हवेत सात हजार. ते सात हजार कुठे जातात हे दोघांनाही सांगता आलं नाही, आणि मला वाटतं बहुतेक घरांत हेच उत्तर मिळेल.

हाताशी साडेतीन लाखांची मुदत ठेव होती. ती घरासाठी म्हणून जपलेली, म्हणून तिला हात लावायचा नाही असा घरातला नियम. इथे मी अडून बसलो. ठेवीवर सात टक्के व्याज मिळत होतं. कार्डावर ६२,००० ची थकबाकी होती, दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. भरलेल्या चार हजारांतले अडीच हजार व्याज आणि त्यावरच्या जीएसटीतच जात. वैयक्तिक कर्जाचे ३ लाख २० हजार बाकी होते, पंधरा टक्क्यांनी, अजून साडेतीन वर्षं. एका खिशात सात टक्क्यांची बचत आणि दुसऱ्या खिशात बेचाळीस टक्क्यांचं कर्ज ठेवून माणूस स्वतःला बचत करणारा समजतो. या दोघांचंही तसंच चाललं होतं. तृप्तीला ठेव मोडणं म्हणजे घराचं स्वप्न मोडणं वाटत होतं. तिची समजूत काढायला मला बराच वेळ लागला, आणि अखेर तिला पटलं ते माझ्या बोलण्याने नव्हे, तर कार्डाचं वर्षभराचं स्टेटमेंट तिने स्वतः बेरीज करून पाहिलं तेव्हा.

फेब्रुवारीत ठेव मोडली. कार्ड पूर्ण फेडलं आणि वैयक्तिक कर्जात १ लाख ८० हजार एकरकमी भरले. मुदतीआधी भरण्याचा चार टक्के आकार लागला, तो धरूनही व्याजात बरीच बचत होती. उरलेले १ लाख ८ हजार वेगळ्या खात्यात टाकले आणि ते खातं नोकरी गेली किंवा कोणी आजारी पडलं तरच उघडायचं असं ठरलं. त्या खात्याचं एटीएम कार्डच घेतलं नाही.

जामीनकी

इथपर्यंत सगळं वजाबाकीचं काम होतं. खरा अडसर क्रेडिट रिपोर्टमध्ये निघाला. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. संदेशने तो कधी मागवलाच नव्हता. गुण ६८८. आणि खाली एक ओळ, जी त्याने तीनदा वाचली: साडेचार लाखांचं वाहनकर्ज, भूमिका जामीनदार, थकबाकी ३८,०००.

वाहन म्हणजे चुलतभावाचा टिपर, खनिज वाहणारा ट्रक. गोव्यातली खनिज खाणींची कथा इथे थोडी सांगावी लागते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, नंतर पुन्हा सुरू झाल्या आणि सत्तरी-डिचोलीतल्या पोरांनी परत कर्जं काढून टिपर घेतले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांच्या लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि १५ मार्चनंतर उत्खनन थांबलं. पिसुर्ले-होंडा पट्ट्यात दारादारांत टिपर उभे राहिले. चुलतभावाने २०१६ साली टिपर घेतला तेव्हा संदेश नोकरीला लागलेला घरातला एकटाच पगारदार. काकांनी म्हटलं, "सही तेवढी कर रे, पैसे थोडेच मागतोय तुझ्याकडे." काकांना नाही म्हणायची रीत नव्हती. चुलतभाऊ पुढे वाळू-खडीच्या फेऱ्या मारून हप्ते भरत राहिला, कधी वेळेवर, कधी नाही.

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. कर्जदाराने बुडवलं तर मग बघू, असं नसतं. कर्ज देणारी संस्था थेट जामीनदाराकडे येऊ शकते. आणि ती येण्याआधीच त्याचं नाव रिपोर्टमध्ये खराब झालेलं असतं. सहीच्या वेळी हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं.

सोपा मार्ग होता: ३८,००० स्वतः भरून मोकळं व्हायचं. मी तो सुचवला नाही, कारण थकबाकी भरली तरी जामीनकी तशीच राहते, सहा महिन्यांनी पुन्हा तेच. कर्जच बंद व्हायला हवं होतं. संदेशने चुलतभावाशी बोलणं केलं. आधी फोनवर, मग काकांच्या समोर, आणि एकदा बोलणं इतकं वाढलं की संदेशची आई मध्ये पडली. शेवटी टिपर विकला गेला. विक्रीच्या पैशांतून कर्ज फिटलं, चुलतभावाच्या हातात थोडे उरले. तो आता दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहे. त्या वर्षी चवथीला माटोळी बांधायला सगळे एकत्र जमले, पण काका संदेशशी बोलले नाहीत. हा खर्च कुठल्याच हिशोबात धरता येत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळली. संस्थेने मध्येच "काही रक्कम सोडून देतो, तडजोडीत मिटवू" असं सुचवलं होतं. ते घेतलं असतं तर रिपोर्टमध्ये "सेटल्ड" असा शेरा आला असता आणि गृहकर्ज देणाऱ्याच्या नजरेत तो थकबाकीपेक्षा फारसा बरा नसतो. पूर्ण रक्कम भरून "क्लोज्ड" करून घेतलं, बेबाकी दाखला घेतला, जामीनकीतून मुक्त केल्याचं पत्र वेगळं मागून घेतलं. वर्षभराने गुण ७५० च्या वर गेले.

घर बदललं

५२ लाखांचा फ्लॅट सोडला. इमारत बांधकामाधीन होती, म्हणजे किमतीवर पाच टक्के जीएसटी, २ लाख ६० हजार. ४५ लाखांच्या आतलं आणि चटईक्षेत्राच्या मर्यादेत बसणारं घर असतं तर एक टक्का लागला असता. प्रकल्पाची रेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी होती हे बरं. पण नोंदणीकृत करार न करता वीस टक्के रक्कम मागितली जात होती. रेरा कायद्याचं कलम १३ दहा टक्क्यांपुढे जाऊ देत नाही. हे विक्री कार्यालयात विचारल्यावर उत्तर मिळालं, "सगळे देतात."

वैयक्तिक कर्ज आणि स्कूटर दोन्ही सप्टेंबर २०२४ पर्यंत फिटली. ऑक्टोबरपासून महिन्याला जवळपास २४,००० शिल्लक पडू लागले. त्यात मला एक फायदा दुहेरी वाटला: पैसे जमत होते आणि पुढे येणाऱ्या हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला बाजूला काढण्याची तालीमही होत होती. भाडं भरून शिवाय २४,००० बाजूला काढता येतात हे वर्षभर करून पाहिलेल्या घराला हप्त्याची भीती कमी वाटते.

कुर्टीत पंधरा वर्षं जुन्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट मिळाला, ३८ लाखांत. ऑक्युपन्सी (राहण्यास योग्य असल्याचा) दाखला असलेलं तयार घर, त्यामुळे जीएसटी नाही. विकणाऱ्या आजी एकट्या. फ्लॅट वारलेल्या नवऱ्याच्या नावावर. दलालाच्या मते आजींची सही पुरे होती. वकिलाने मान हलवली. समाईक मालमत्तेच्या नियमाने अर्धा फ्लॅट आजींचा, उरलेला अर्धा मुलांचा, आणि मुलं विवाहित असल्याने सुनेचा आणि जावयाचाही. वारसांचा दस्त आधी व्हायला हवा. मुलगा पुण्यात, जावई आखातात. त्याचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला वेळ लागला. संदेश वैतागला होता. मला विलंबाचं वाईट वाटलं नाही, तोवर आणखी चार महिन्यांची बचत पडली आणि रेपो दरही, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, खाली येत होता: २०२५ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये मिळून एक टक्क्याने, ६.५० वरून ५.५० वर.

मधल्या काळात दलालाने एक युक्ती काढली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यात ३५ लाखांपर्यंतच्या घराला व्याज अनुदान आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच हप्त्यांत. तर कागदावर ३५ दाखवा, तीन रोख द्या. मुद्रांक शुल्कही वाचेल. पहिली गोष्ट, योजनेची उत्पन्न मर्यादा वर्षाला नऊ लाख आणि या दोघांचं कपातीपूर्वीचं एकूण उत्पन्न त्याच्या वर. दुसरी, स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर प्राप्तिकर कायद्याने घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तो आजींच्या माथी बसला असता. तिसरी, बँक कर्ज कागदावरच्या किमतीवर देते, म्हणजे हातचे आणखी पैसे लागले असते. आजींनीच दलालाला गप्प केलं.

किती कर्ज घ्यायचं

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. दहा लाखांवरच्या घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरली जात नाही. गोव्यात हा वरचा खर्च जड असतो. महाराष्ट्रात नोंदणी फीला ३०,००० ची कमाल मर्यादा आहे, तिथल्या नातेवाइकांचे आकडे ऐकून हिशोब केला तर फसगत होते. इथे शुल्क आणि फी मिळून सुमारे २ लाख ३० हजार लागले. वकील, मूल्यांकन, बँकेची प्रक्रिया फी, सोसायटी हस्तांतरण, वीज-पाण्याची नावं: ५५,०००.

कर्ज ३० लाख घेतलं, वीस वर्षं, ७.९ टक्के, हप्ता २४,९०७. आमची कसोटी एकच होती: तृप्तीचं कंत्राट उद्या थांबलं तर? संदेशचा पगार तोवर ४६,००० झाला होता. घरखर्च, शाळा, विमा, देखभाल आणि हप्ता मिळून ५३,६०० होतात. म्हणजे महिन्याला साडेसात हजार कमी पडतील आणि बाजूला ठेवलेले १ लाख ८ हजार साधारण चौदा महिने पुरतील. एजंटाच्या पानावरचं कर्ज याच कसोटीला लावलं, तर हप्ता भरून संदेशच्या पगारातले बारा-तेरा हजारच उरत होते, आणि तृप्तीच्या नावाच्या वैयक्तिक कर्जाचा हप्ता त्यातूनच जायचा होता.

स्वतःचे लागले १० लाख ८५ हजार. वर्षभराच्या बचतीतले २ लाख ७५ हजार, दोन बोनस ९०,०००, भिशी एक लाख, तृप्तीची लग्नाच्या वेळी मिळालेली गोवा सरकारच्या लाडली लक्ष्मी योजनेची रक्कम व्याजासह १ लाख ३० हजार, संदेशच्या वडिलांनी दिलेले दोन लाख, आणि तीन तोळे सोनं, २ लाख ९० हजार. सोन्यावरून तृप्तीची आई नाराज झाली. त्या वर्षी सोन्याने तोळ्यामागे लाखाचा टप्पा ओलांडला होता. अजून वाढेल, असं त्यांचं म्हणणं. वाढलं असतं, नसतंही. मात्र तारण ठेवून हप्ता वाढवण्यापेक्षा विकणं बरं, यावर मी ठाम होतो.

पीएफला हात लावला नाही. त्यावर ८.२५ टक्के मिळत होते आणि कर्ज ७.९ चं, जास्त कमावणारा पैसा काढून कमी व्याजाचं कर्ज टाळण्यात काय अर्थ? शिवाय म्हातारपणाची तेवढीच एक शिदोरी.

एजंटाने "करात दोन लाखांची सूट" हा मुद्दा रंगवला होता. ती सूट जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. या दोघांना मुळात करच नाही, तर वाचवायचं काय! बँकेने कर्जात मिसळून देऊ केलेला एकरकमी विमाही नाकारला आणि संदेशच्या नावाने साधा टर्म विमा वेगळा घेतला.

आज काय परिस्थिती आहे

सप्टेंबर २०२५ मध्ये विक्रीखत झालं, दोघांच्या नावाने. डिसेंबरमध्ये रेपो ५.२५ वर आला आणि त्यांचा दर ७.६५ झाला. हप्ता साडेचारशेने कमी करून घ्यायचा की तोच ठेवायचा, असं बँकेला विचारता येतं. त्यांनी तोच ठेवला, मुदत साधारण दहा महिन्यांनी घटली. वर्षाला एक जादा हप्ता मुद्दलात भरायचा बेत आहे. फिरत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा आकार लागत नाही, आणि मूळच्या दरानेही एवढ्याने तीन वर्षांहून जास्त मुदत वाचते.

कमकुवत बाजू दोन. राखीव रक्कम अजून एक लाखाच्या आसपासच आहे, मला ती दुप्पट हवी. आणि इमारत जुनी: गेल्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर गळती झाली, सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक फ्लॅटमागे ३५,००० ठरवले आहेत, मेपर्यंत द्यायचे. तृप्तीने नव्या भिशीत एप्रिलचा क्रमांक मागून घेतला आहे.